मेत्नर, लेखांक ७ : महाराजांच्या तबकड्या

या आठवड्यात संगीतकार मेत्नरचं ‘मूझा इ मोदा’ उघडायचं ठरलं होतं. पुस्तक टेबलावर काढूनही ठेवलं होतं. पण गेल्या लेखात ‘म्हैसूरच्या महाराजांनी काढून दिलेल्या तबकड्या’ असं मी जाता जाता लिहून गेलो आणि पत्रं आली. कोल्हापूरच्या एका वाचकांनी तर सरळच विचारलंय, ही संस्थानी दंतकथा की खरी गोष्ट? अहो, खरी गोष्ट. आणि विषय निघालाच आहे तर आज तोच. पुस्तक कुठे पळून जात नाही.

लंडनमधल्या गोल्डर्स ग्रीनच्या घरात आपण मेत्नर दांपत्याला सोडलं होतं. युद्ध लागलं आणि लाइपझिगच्या प्रकाशकाकडून येणारे पैसे थांबले. शिकवण्याही आटल्या. लंडनवर बाँब पडायला लागल्यावर एडना आइल्स या त्यांच्या शिष्येने दोघांना वॉरिकशरमधल्या वूटन वॉवन या खेड्यात नेलं. तिथेच १९४२ साली मेत्नरना हृदयविकाराचा झटका आला आणि तिथेच तिसरा पियानो कॉन्चेर्टो पुरा झाला. १९४४ मध्ये त्यांनी तो लंडनला वाजवला, एड्रियन बोल्टच्या हाताखाली. टाळ्या पडल्या. टाळ्यांवर घरभाडं भागत नाही.

आणि मग म्हैसूरहून निरोप आला.

म्हैसूरचा दरबार आपल्या गाणंवाल्यांना नवा नाही. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब तिथे किती वेळा गायले आणि कर्नाटकी सरगम तिथून कशी घेऊन आले, हे इथल्या जुन्या रसिकांना सांगायला नको. ते नाल्वडी कृष्णराज वडियारांचं राज्य. १९४० साली ते गेले आणि पुतणे जयचामराज गादीवर आले, तेव्हा वय एकवीस. या मुलाला व्हायचं होतं पियानोवादक. पियानो नुसता शोभेला नव्हता. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलची पदवी त्यांनी १९४५ मध्ये, म्हणजे राज्य चालवता चालवता घेतली. राजवाड्यात तबकड्यांचा प्रचंड संग्रह होता आणि त्यात एक भोक महाराजांना सारखं खुपत होतं: मेत्नर जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या कुणी हळहळ व्यक्त केली असती. महाराजांनी खर्च उचलला.

एचएमव्हीतर्फे या कामात वॉल्टर लेग होता. हा माणूस फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राचा संस्थापक, ‘सोसायटी’ काढून आधी वर्गणी गोळा करायची आणि मग न खपणारं संगीत ध्वनिमुद्रित करायचं, या युक्तीत मुरलेला. ह्यूगो वोल्फची गाणी त्याने तशीच काढली होती. इथे मेत्नर सोसायटी निघाली, फक्त भार वर्गणीदारांऐवजी महाराजांच्या तिजोरीवर. लेग म्हैसूरलाही जाऊन आला.

१९४७ साली मेत्नर स्टुडिओत बसले. वय सदुसष्ट, हृदय दुखावलेलं. याच वर्षी महाराज आपलं संस्थान भारतात विलीन करण्याच्या कागदावर सही करत होते, हे मला दर वेळी नव्याने आठवतं. तिन्ही कॉन्चेर्टो झाले. संचालन पहिल्याला जॉर्ज वेल्डनचं, दुसऱ्या-तिसऱ्याला इसाय डोब्रोवेनचं. स्काझ्का, म्हणजे पियानोवरच्या छोट्या ‘कथा’, झाल्या, सोनाटा झाले. १९५० मध्ये एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फ गायली आणि पियानोवर मेत्नर बसले.

आता एका गोष्टीचा विचार करा. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर फार तर साडेचार मिनिटं मावत. तिसरा कॉन्चेर्टो सलग आहे, अर्ध्या तासाहून मोठा, मधे कुठे थांबा नाही. म्हणजे वाजवणाऱ्याने मधेच तोडायचं, पुढच्या मेणावर तोच श्वास, तोच वेग पकडून पुन्हा सुरू करायचं. असं सात-आठ वेळा. माझ्या सीडीवर खरखर ऐकू येते, पण सांधे शोधायला बसलो तर पहिल्या वेळी दोनच सापडले. आणि लय! या संगीताला रडकं करून वाजवणारे पुष्कळ आहेत. खुद्द मेत्नर कुठे रेंगाळत नाहीत. डावा हात तबलजीसारखा ठेका धरून असतो. माझ्या मते मेत्नर कसा वाजवावा या वादाचा निकाल याच तबकड्यांनी लागतो.

हा कॉन्चेर्टो त्यांनी महाराजांनाच अर्पण केला.

आता गंमत. याच महाराजांनी १९५० च्या मे महिन्यात लंडनला रिखार्ड स्ट्राउसच्या शेवटच्या चार गाण्यांचा पहिला कार्यक्रम व्हावा म्हणून पैशांची हमी घेतली होती. गायली किर्स्टेन फ्लागस्टाड, संचालन फुर्टवेंग्लरचं. स्ट्राउसशी मेत्नरचं कधीच जमलं नाही. दोघांनाही एकच हात देत होता. ‘हा की तो’ असा प्रश्न महाराजांना पडलेला दिसत नाही.

आणि ते स्वतः काय रचत होते? कर्नाटक पद्धतीच्या कृती, ‘श्रीविद्या’ या मुद्रेने, चौऱ्याण्णव. इथे मी पुढच्या आठवड्यातला थोडा माल आजच काढतो. मेत्नरच्या पुस्तकाच्या सुरुवातीला जोड्यांचा एक तक्ता आहे. साधेपणा मध्यभागी, गुंतागुंत भोवती. स्थैर्य मध्यभागी, हालचाल भोवती. आणि भोवतीचं सगळं मध्याकडे ओढ घेणारं. सुरांमध्ये तो मध्य म्हणजे टॉनिक. हे पाश्चात्त्य वाचकाला तत्त्वज्ञान वाटतं, क्वचित हटवादही. पण तंबोरा लावून षड्जाभोवती कृती बांधणाऱ्या माणसाला त्यात अवघड काय वाटणार? तो रोज तेच करतो. महाराजांना मेत्नर इतका का आवडला, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. पुरावा मागू नका, नाही.

काम पुरं व्हायला वेळ मिळाला नाही. १३ नोव्हेंबर १९५१ ला मेत्नर गेले. तबकड्यांचे तीन संच निघाले, तोवर बाजारात एल.पी. येऊ लागली आणि ते जड संच कपाटात गेले. सीडीवर यायला नव्वदचं दशक उजाडलं.

पुस्तक पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर तिसरा कॉन्चेर्टो ऐकून ठेवा, पण डोब्रोवेनसोबतचा, मेत्नरच्याच हातचा. आणि सांधे किती सापडले ते कळवा.