दिवसा फेझंट, रात्री कोल्हा

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात सँड्रिंगहॅम नावाची राजघराण्याची इस्टेट आहे. सातव्या एडवर्डच्या काळात तिथली घड्याळे अर्धा तास पुढे लावलेली असत. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आधीच अंधारू लागते. तेव्हा शिकारीला उजेड पुरावा म्हणून पाहुण्यांना लवकर अंथरुणातून काढण्याची ही राजेशाही युक्ती होती. पंचम जॉर्जनेही ती चालू ठेवली आणि १९३६मध्ये आठव्या एडवर्डने गादीवर येताच मोडली. घड्याळ पुढे सारले तरी दिवस काही लांबत नव्हता. साडेसात-आठ तासांचा उजेड बंदूकवाल्यांचा; उरलेली सोळा तासांची रात्र कोल्ह्याची आणि म्हणून गेमकीपरची.

गेमकीपर म्हणजे इस्टेटीवरच्या शिकारीच्या पक्ष्यांचा राखणदार. मराठी वाचकाला तो बहुधा लॉरेन्सच्या १९२८च्या कादंबरीतला लेडी चॅटर्लीचा प्रियकर म्हणून भेटलेला असतो. तिथेही तो फेझंटची पिल्ले वाढवत असतो, पण वाचकाचे लक्ष अर्थातच दुसरीकडे असते. प्रत्यक्षात या माणसाचे वर्ष पक्ष्यांना जगवण्यात जाते, ते पुढे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या माणसांनी मारावेत म्हणून. १९११च्या सुमारास ब्रिटनमध्ये असे वीस हजारांहून अधिक कीपर होते. आज पूर्णवेळ काम करणारे तीनेक हजार उरले आहेत. पक्षी मात्र तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

हंगामाचे वेळापत्रक कायद्याने बांधलेले आहे. हीथरच्या माळावरचा ग्राउझ १२ ऑगस्टला खुला होतो, तितर १ सप्टेंबरला, फेझंट १ ऑक्टोबरला. तितर आणि फेझंट दोन्ही १ फेब्रुवारीला बंद. इंग्लंड-वेल्समध्ये रविवारी आणि नाताळच्या दिवशी बंदूक चालवायची नाही, हा १८३१च्या कायद्याचा नियम अजून पाळला जातो.

यातला फेझंट मुळात ब्रिटनचा नव्हेच. तो आशियातला, माणसाने आणून सोडलेला. लाल पायांचा तितर फ्रान्स-स्पेनकडचा. खरा देशी तो करडा तितर, आणि गेल्या साठेक वर्षांत त्याचीच संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घसरली. तणनाशकांनी शेतातले तण गेले, तणाबरोबर किडे गेले, आणि किड्यांवर वाढणारी पिल्ले उपाशी मेली. ही साखळी डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने ससेक्सच्या शेतांत वर्षानुवर्षे मोजणी करून उलगडली. तो ज्या संशोधन संस्थेत होता तिचा उगम मात्र इली या काडतुसांच्या कंपनीने १९३०च्या दशकात सुरू केलेल्या संशोधनात आहे. पक्षी संपले तर काडतुसे कोण घेणार, हा विचार त्यामागे नव्हताच असे म्हणवत नाही. तरी संशोधन पक्के होते.

देशी पक्षी आटला तशी विकत घेतलेल्या पक्ष्यांची चाल वाढली. २०१६च्या एका अंदाजानुसार ब्रिटनमध्ये वर्षाला ४ कोटी ७० लाख फेझंट आणि सुमारे १ कोटी लालपायी तितर सोडले गेले. नंतरच्या दुसऱ्या अंदाजात फेझंटचा आकडा ३ कोटी १५ लाखांवर येतो. दोन्ही अंदाजच. धाकटा आकडा धरला तरी साडेसहा कोटी माणसांच्या देशात दर दोन माणसांमागे जवळजवळ एक फेझंट पडतो. यातली पुष्कळ अंडी आणि पिल्ले फ्रान्समधून येतात. २०२२मध्ये तिथे बर्ड फ्लू पसरला, आयात थांबली आणि कितीतरी इस्टेटींना हंगामच रद्द करावा लागला. खेड्यापाड्यातला शेकडो वर्षांचा रिवाज म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, तो एका परदेशी हॅचरीच्या ट्रकवर अवलंबून असल्याचे तेव्हा लख्ख दिसले.

पिल्ले सहा ते आठ आठवड्यांची झाली की जुलै-ऑगस्टमध्ये जंगलातल्या मोठ्या, वरून उघड्या जाळीबंद आवारात सोडतात. जाळी माणसापेक्षा उंच, तिची खालची कड बाहेरच्या बाजूला दुमडून जमिनीत दाबलेली, म्हणजे कोल्ह्याने उकरायला घेतले की पंजा तारेतच अडकावा. बाहेरून विजेच्या दोन तारा. पिल्लांच्या एका पंखाची पिसे कापलेली असतात. ती परत फुटेपर्यंत त्यांनी तिथेच राहावे, रात्री झाडावर चढून बसायला शिकावे, एवढीच अपेक्षा. न शिकलेली जमिनीवर झोपतात आणि कोल्ह्याला सापडतात. उडून बाहेर पडलेल्यांना चालत परत आत येता यावे म्हणून जाळीत नरसाळ्यासारखी तोंडे ठेवलेली असतात, आणि त्या तोंडांना कोल्हा मावणार नाही इतपत गज.

एवढा बंदोबस्त का, हे एकाच वाईट रात्रीत कळते. आत शिरलेला कोल्हा एक पक्षी घेऊन निघून जात नाही. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२मध्ये या वागण्याचा अभ्यास मांडला. एरवी एक भक्ष्य मारेपर्यंत बाकीची पळून जातात, म्हणून थांबण्याची सवय प्राण्याला लागतच नाही. कोंडलेली किंवा अंधारात गोठून बसलेली पाखरे समोर असली की तो मारतच सुटतो. त्यात क्रौर्य शोधण्यात अर्थ नाही. पण सकाळी ती मेलेली पिल्ले गोळा करणाऱ्याला हे शास्त्र सांगायला जाऊ नये.

ऑक्टोबरपासून पक्षी मोकळे. त्यांना बांधून ठेवते ती जाळी नव्हे, गहू. रानातल्या वाटांवर पेंढा पसरून त्यात दाणे टाकतात, पिंपे टांगून ठेवतात. शेताच्या कडेला मका, ज्वारी, केल अशी पिके कापणीसाठी नव्हे, तर आडोशासाठी उभी ठेवतात. शिकारीच्या दिवशी आठ-नऊ बंदुका ओळीने उभ्या राहतात. कोणी कुठल्या खुंटीवर उभे राहायचे याच्या चिठ्ठ्या निघतात आणि प्रत्येक हाक्यानंतर दोन-दोन जागा सरकायचे. पलीकडून हाकेवाले काठ्या आपटत येतात. इथेच कीपरची कारागिरी दिसते. पाचशे पक्षी एकदम उठले तर हाका वाया गेला. ते चार-चार, पाच-पाच करून, उंचावरून, वाऱ्याच्या अंगाने बंदुकांवर यायला हवेत. खालून जाणारा पक्षी मारणे गावंढळपणाचे समजतात. मागे लॅब्राडॉर आणि स्पॅनिएल पडलेले पक्षी शोधून आणतात. हिशोब जोडीत होतो.

या हिशोबाची खुमखुमी कुठवर गेली होती ते पाहा. १८ डिसेंबर १९१३ रोजी बकिंगहॅमशायरमधल्या हॉल बार्न इस्टेटीवर सात बंदुकांनी एका दिवसात ३,९०० हून अधिक फेझंट पाडले. त्यांत पंचम जॉर्ज होता, आणि आज जरा अतिच झाले असे तो परतताना म्हणाल्याचे सांगतात. या जगात आपला एक माणूसही बसून गेला आहे. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांनी १८६३मध्ये सफकमधली एल्वेडन इस्टेट घेतली आणि ती शिकारीसाठी नावारूपाला आणली. इंग्लंडमधल्या अव्वल नेमबाजांत त्यांची गणना होई. राज्य गेले, कोहिनूर गेला, हाती राहिले तितर. त्यांची कबरही एल्वेडनलाच आहे.

आज या छंदाचा दर नगावर चालतो. पाडलेल्या पक्ष्यामागे चाळीस पौंड आणि त्याहूनही जास्त आकारले जातात. तोच पक्षी खाटिकाला विकायचा तर एखादा पौंडही मुश्किलीने सुटतो. सोडलेल्या फेझंटपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक बंदुकीने पडतात आणि जवळपास तेवढेच भक्षकांच्या तोंडी जातात. म्हणजे कोल्हा हा या इस्टेटीवरचा पैसे न भरणारा पाहुणा आहे.

गंमत अशी की या पाहुण्याला एके काळी आमंत्रण होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लेस्टरशायरसारख्या परगण्यांत घोडे आणि कुत्री घेऊन कोल्ह्याचा पाठलाग हा सरदारांचा मुख्य खेळ होता. त्यासाठी काटेरी झुडपांची बने मुद्दाम लावली गेली. कोल्हे कमी पडले तर युरोपातून आणून लंडनच्या लेडनहॉल बाजारात विकले जात. अशा मुलखात कोल्ह्याला गोळी घालणे म्हणजे सभ्य समाजातून उठणे. बिचाऱ्या कीपरची दोन्हीकडून कोंडी: मालकाला नोव्हेंबरात फेझंट भरपूर हवेत आणि त्याच्या मित्रांना त्याच रानात कोल्हाही हवा. नॉरफकमध्ये मात्र बंदूकवाल्यांचे राज्य होते, आणि तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोल्हा दुर्मीळच राहिला.

पाठलागाचा खेळ २००४च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये बंद झाला. अंमल १८ फेब्रुवारी २००५पासून. कोल्हा मारण्यावर मात्र बंदी नाही. जास्तीत जास्त दोन कुत्र्यांनी त्याला बाहेर काढून गोळी घालता येते. शिकारीचे पक्षी राखण्यासाठी, जमीनमालकाच्या लेखी संमतीने, एक टेरियर बिळात सोडता येतो. विष पूर्ण निषिद्ध. तारेचा फासा वेल्समध्ये २०२३मध्ये बंद झाला, आणि स्कॉटलंडने २०२४मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे तितर आणि लावे फाशात धरण्याची फासेपारध्यांची पिढीजात विद्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्ह्यात जमा झाली, ती जगण्याचे साधन असूनही. तिकडे हा वाद छंदाच्या हिशोबात चालतो.

आता उरले मुख्य हत्यार: रायफल. पूर्वी जीपमधून मोठा दिवा फिरवत, कारण कोल्ह्याचे डोळे उजेडात चमकतात. एकदा चुकलेला कोल्हा मात्र पुढे दिवा दिसताच पाठ फिरवतो. आता उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणी आल्या. काळ्याकुट्ट रात्री शेतापलीकडचा उंदीरसुद्धा पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. कोल्हा जवळ यावा म्हणून घायाळ सशाचा चीत्कार काढतात. मागे मातीचा उंचवटा नसेल तर घोडा ओढायचा नाही, हा पहिला नियम. गोळी चुकली तर मैलभर जाते. दिवसा कीपर खुणा वाचतो. पिसांचे देठ चावून तोडलेले असतील तर काम कोल्ह्याचे, उपटलेले असतील तर शिकारी पक्ष्याचे.

पण हिवाळाभर मारूनही कोल्हे संपत का नाहीत? शरद ऋतूपासून वयात आलेली पिल्ले आईबापांचा मुलूख सोडून जागा शोधत निघतात. जानेवारी हा माजाचा काळ. मादीची किंकाळी रात्री दूरवर ऐकू येते आणि नर मैलोन्‌मैल भटकतात. तुम्ही एक मारला की मोकळ्या जागेवर शेजारचा येऊन बसतो. डिसेंबरात कोल्हा मारणाऱ्याने त्या महिन्यातले पक्षी वाचवले, इतकेच. मादी साधारण ५२ दिवस गाभण असते, पिल्ले मार्च-एप्रिलमध्ये होतात, आणि नेमका तोच काळ जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा. कोल्ह्यांची संख्या खरोखर खाली ठेवायची तर फेब्रुवारी ते जून हे महिने महत्त्वाचे.

याची कसोटी १९८४ ते १९९० या काळात सॉल्झबरी प्लेनवर घेतली गेली. दोन भूभाग, एकात घरटी घालण्याच्या मोसमात कोल्हे, कावळे, मॅगपाय मारले, दुसऱ्यात नाही, तीन वर्षांनी अदलाबदल. भक्षक कमी ठेवले तिथे ऑगस्टमधल्या करड्या तितरांची संख्या साडेतीन पट झाली, पुढच्या विणीला उरलेल्या जोड्याही अडीच पटींवर गेल्या. मग नॉर्दम्बरलंडमधल्या ऑटरबर्नला २००० ते २००८ असाच प्रयोग झाला. टिटवी, सोनचिखल्या आणि कर्ल्यू यांच्या विणीचे यश सरासरी तिप्पट झाले. कर्ल्यू म्हणजे लांब वाकड्या चोचीचा पाणपक्षी. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावरही येतात. ब्रिटनमध्ये त्याची वीण झपाट्याने घटते आहे.

हे प्रयोग कीपरमंडळी प्रत्येक चर्चेत पुढे करतात, आणि ते खरेही आहेत. पण ते जंगली, स्वतः घरटी घालणाऱ्या पक्ष्यांवरचे आहेत. हॅचरीतून आणलेल्या पाच हजार फेझंटच्या रक्षणाला तेच प्रमाणपत्र लावणे मला पटत नाही. उलट इतके बावळट मांस दरवर्षी रानात ओतल्याने कोल्ह्यांचीच पोटे भरत असतील, ही शंका रास्त आहे. वाइल्ड जस्टिस या संस्थेने कोर्टात धाव घेतल्यावर सरकारने २०२१पासून संरक्षित क्षेत्रांच्या ५०० मीटर परिघात पक्षी सोडण्यावर परवान्याच्या अटी घातल्या. त्यामागे या पक्ष्यांचे खाणे, उकरणे, विष्ठा आणि रोग यांची चिंता होती. दुसऱ्या टोकाला ससेक्समधली अरंडेल इस्टेट आहे. तिथे करडा तितर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. बांधांवर झुडपे वाढवली, शेतांत गवताच्या पट्ट्या ठेवल्या, चारा घातला, कोल्हे कडक नियंत्रणात ठेवले, आणि जोड्या शेकड्यांवर गेल्या. चंडोल आणि टिटव्याही वाढल्या. त्या कामात रायफल हे अनेक साधनांतले एक होते. ती एकटीच उरली की बाकी सगळे लटके पडते.

जानेवारीच्या अखेरीस हंगाम संपता संपता हाकेवाल्यांचा दिवस येतो. हंगामभर काठ्या आपटणाऱ्यांच्या हातात त्या दिवशी बंदुका असतात, आणि पुष्कळ ठिकाणी फक्त नर मारायचे ठरलेले असते, माद्या विणीला उरल्या पाहिजेत म्हणून. मग १ फेब्रुवारी सरते. जंगली पक्ष्यांच्या इस्टेटीवर कीपर दाण्याची पिंपे मे महिन्यापर्यंत भरत राहतो, कारण रानात खरा दुष्काळ वसंतातच असतो, आणि त्याच्या कोल्ह्यांच्या रात्री आता कुठे सुरू होतात. विकतच्या पक्ष्यांच्या पुष्कळ इस्टेटींवर पिंपे उतरवून गोदामात जातात आणि हॅचरीला पुढच्या पिल्लांची ऑर्डर जाते.