रस्त्याचें पाणी तळ्यांत जाण्यापूर्वीं

उन्हाळा सरून वाशीमच्या बाजारपेठेवर मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो, तेव्हां रस्त्यावरून वाहणारें पाणी काळसर तांबूस दिसतें. पाहणारा म्हणतो, माती आहे. माती असतेच, परंतु तिच्या सोबतीनें आणखी पुष्कळ मंडळी प्रवासाला निघालेली असतात. मोटारींच्या झिजलेल्या टायरांची भुकटी व तिच्यांतील जस्त, ब्रेकच्या झिजेंतून पडलेलें तांबें, इंजिनांतून ठिबकलेलें तेल, गुरांचें शेण, कुत्र्यांची घाण, धान्याच्या गाड्यांतून सांडलेला सोयाबीनचा भुसा, चहाचे पेले, सुपारीच्या रिकाम्या पुड्या असा हा ऐवज कित्येक महिने छपरांवर व रस्त्यांवर सांचत असतो, आणि पहिल्या सरींबरोबर तो एकदम धुऊन निघतो. घरोघरच्या जुन्या बायकांना हें शास्त्र फार पूर्वींपासून ठाऊक आहे. पन्हळीखालीं हंडा लावण्याआधीं त्या पहिलें पाणी वाहून जाऊं देत. घरापुरतें तें ठीक होतें. पण सबंध शहराचें पहिलें पाणी सोडून द्यावयाचें तें कोठें, हा प्रश्न हंड्याच्या मालकिणीस कधीं पडला नव्हता.

वाशीम जिल्ह्याला तो पडावयास पाहिजे, कारण हा प्रदेश पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. जिल्ह्याच्या एका अंगाचें पाणी पैनगंगेला मिळून वर्धा, प्राणहिता व गोदावरी या वाटेनें बंगालच्या उपसागरास जातें. दुसऱ्या अंगाला काटेपूर्णा उगम पावते. ती पूर्णेस मिळते, आणि पूर्णा तापीस. या काटेपूर्णेवर महान येथें जें धरण आहे, त्याचें पाणी अकोला शहर पितें. माथ्यावरच्या माणसानें नालींत जें टाकलें, तें खालच्या माणसाच्या माठापर्यंत जाण्याची वाट अशी उघडी असते.

परंतु नदीपर्यंत जाण्याच्याही आधीं हें पाणी गांवांतल्या तळ्यांना गांठतें. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, जुनें वत्सगुल्म. पद्मतीर्थ व देव तलाव हीं तेथील नांवें वऱ्हाडांत सर्वांच्या परिचयाचीं आहेत. कारंज्याचा ऋषी तलावही तसाच. जुनीं तळीं खोदलीं गेलीं तेव्हां सभोवार मोकळी जमीन व गवत होतें, आणि पाणी गवतांतून झिरपत येई. आतां अशा तळ्यांच्या भोंवतीं वस्ती दाटते, अंगणांना फरशी व गल्ल्यांना सिमेंट येतें, आणि उतारावरचें पाणी न थांबतां, न मुरतां सरळ खालीं धांवतें. नदी निदान घाण पुढें तरी नेते. तळें ती सांठवून ठेवतें. शेण, साबण व खतें यांतील स्फुरद पाण्यांत उतरला, कीं शेवाळ व जलपर्णी माजतात. तीं कुजूं लागलीं म्हणजे पाण्यांतील प्राणवायु संपतो, आणि एके सकाळीं मासे पोट वर करून तरंगतांना दिसतात. लोक विषप्रयोगाचा संशय घेतात. पुष्कळदां विष कोणी टाकलेलें नसतें. तें सगळ्यांनीं मिळून थोडें थोडें पाठविलेलें असतें.

उपाय म्हटला, कीं प्रथम जाळी सुचते. नाल्याच्या तोंडाशीं लोखंडी गजांची जाळी बसविली म्हणजे बाटल्या, पिशव्या व पाचोळा अडकतो, आणि डोळ्यांना काम झाल्यासारखें वाटतें. पण जाळीचा स्वभाव ओळखल्याशिवाय ती बसवूं नये. पानें व पिशव्या मिळून गजांवर अर्ध्या तासांत गोधडीसारखा थर धरतात, मागें पाणी तुंबतें, तें दुकानांत शिरतें, आणि संतापलेले दुकानदार जाळीच उपटून फेकतात. त्यांना दोष कोण देईल? २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळीं पाण्याच्या वाटा बुजविणाऱ्या गोष्टींत प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. झाडाचें पान निदान सडून मातींत मिसळतें. पिशवीच्या अंगीं तेवढीही सभ्यता नाहीं. म्हणून जाळी उभी न ठेवतां तिरपी ठेवावी, म्हणजे कचरा प्रवाहाच्या रेट्यानें वर सरकतो. तिच्या माथ्यावरून जास्तीचें पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी. आणि ती अशा जागीं असावी, कीं कांठावर उभें राहून दांताळ्यानें साफ करतां यावी.

जाळीनंतर वाळूचा हौद. येथें नाला रुंद व खोल करतात, त्यामुळें पाण्याचा वेग मंदावतो आणि जाड रेती तळाशीं बसते. इथपर्यंतचें काम सोपें आहे, आणि बहुतेक ठिकाणीं तें इथेंच थांबतें. खरी अडचण पुढें आहे. केंब्रिजचे गणिती जॉर्ज स्टोक्स यांनीं १८५१ मध्यें बारीक कण द्रवांतून कोणत्या वेगानें खालीं बसतात याचा नियम मांडला. कणाचा व्यास दहावा हिस्सा झाला, कीं त्याचा वेग शंभरावा हिस्सा होतो. एक मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण मीटरभर पाणी दहा सेकंदांच्या आंत उतरतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या कणाला तेवढ्याच अंतरास सुमारें तीन तास लागतात. आणि हजाराव्या भागाएवढा चिकणमातीचा कण पाणी अगदीं निश्चल असलें तरी बारा-तेरा दिवस घेतो. आतां वऱ्हाडची काळी जमीन म्हणजे अशाच सूक्ष्म कणांचें भांडार. शिवाय घन पदार्थाचे जितके बारीक तुकडे करावे, तितकें त्याचें एकूण पृष्ठ वाढतें. म्हणून जस्त, तांबें, तेलाचा अंश व स्फुरद हीं सर्व मुख्यतः या बारीक कणांनाच चिकटून जातात. जाळींत व वाळूच्या हौदांत जें सांपडतें तें डोळ्यांना खुपणारें. तळ्याला मारणारें मात्र दोहोंतून निसटून पुढें जातें.

घरांत गढूळ पाण्याला निवळीचें बीं उगाळून लावीत किंवा तुरटी फिरवीत. त्यायोगें सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून मोठे होतात व लवकर बसतात. स्टोक्सचा नियमच तो, फक्त उलट बाजूनें वापरलेला. पण नाल्याला तुरटी फिरविणें शक्य नाहीं. एक हेक्टर फरसबंद जागेवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी होतें. पंचवीस हेक्टरांच्या पेठेचें पंचवीस लाख लिटर पाणी तासाभरांत नाल्यांत उतरतें. तें सर्वच्या सर्व गाळूं म्हटलें तर तळ्याएवढीच गाळणी बांधावी लागेल. येथें हंड्याच्या मालकिणीचें शास्त्र पुन्हां उपयोगी पडतें, मात्र उलट्या क्रमानें. पहिलें पाणी एका बाजूच्या कुंडांत वळवून तेवढेंच गाळावें. कुंड भरलें, कीं मागून येणारें त्यामानानें स्वच्छ पाणी आपोआप सरळ वाटेनें जाऊं द्यावें. यास यंत्र लागत नाहीं. नाल्यांत योग्य उंचीचा बांध पुरतो.

कुंडांतलें पाणी गाळण्यास वाळूचा वाफा हें जुनें व विश्वासू साधन आहे. लंडनच्या चेल्सी जलसंस्थेसाठीं जेम्स सिम्प्सन यांनीं १८२९ मध्यें थेम्सचें पाणी वाळूच्या थरांतून गाळण्यास सुरुवात केली. रस्त्याच्या पाण्यासाठीं याच कल्पनेस वनस्पतींची जोड अमेरिकेंतील मेरीलंड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यांत १९९० च्या सुमारास देण्यांत आली. वर झाडें, त्याखालीं खतमिश्रित वाळूचा हातभर थर, त्याखालीं बारीक खडी, आणि तळाशीं भोंकें पाडलेला नळ, अशी ही रचना. वाळू कण अडविते, खतांतील सेंद्रिय अंश धातू धरून ठेवतो, मुळांभोंवतालचे जंतू तेलाचा फडशा पाडतात, आणि मुळें हालतीं राहिल्यानें वरचा थर लवकर बुजत नाहीं. आपल्याकडे या कामीं कर्दळ, वाळा, पाणकणीस यांसारख्या ओल सोसणाऱ्या वनस्पती घेतां येतात. पाणी वाफ्यावर वीतभरच चढावें व दीड-दोन दिवसांत ओसरावें. अंड्यापासून डांस होण्यास आठवडाभर तरी लागतो, तेव्हां तितक्यांत पाणी गेलें, तर वाफा डांसांचें माहेर होत नाहीं.

एक गोष्ट मात्र वऱ्हाडांत कटाक्षानें पाळावी. वाफ्यांत जागेवरची काळी माती घालूं नये. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्याच पावसाचें, म्हणजे सर्वांत घाण पाणी त्या भेगांतून न गाळतां खालीं उतरतें. पुढें माती फुगली, कीं थेंबही मुरत नाहीं. खडी व वाळू बाहेरून आणण्याचा खर्च वांचविण्यासाठीं जो ठेकेदार काळी माती भरील, त्यानें वाफा नव्हे, फुलझाडांचें आळें बांधलें असें समजावें.

दुसरी अट अधिक कठीण आहे. आपल्या शहरांच्या उघड्या नाल्या पावसाचें पाणी व घरांतलें सांडपाणी एकत्रच वाहतात. असें सांडपाणी बाराही महिने वाफ्यावर आलें, तर वाळूला कोरडें होण्यास सवड मिळत नाहीं आणि ती थोड्याच काळांत बुजते. शिवाय पाण्यांत विरघळलेले क्षार वाळू थोपवूं शकत नाहीं, आणि शौचकुपांतून आलेल्या रोगजंतूंना पुरते मारण्याचें सामर्थ्यही तिच्यांत नाहीं. सांडपाण्याचा ओघ वेगळा काढल्यावांचून तळ्याच्या कांठीं गाळणी बांधणें म्हणजे गळक्या छपराखालीं भिंतींना रंग देणें होय.

मग प्रश्न उरतो गाळाचा. गाळणी घाण नाहींशी करीत नाहीं, एका जागीं गोळा करते. ती तेथून उचलली नाहीं, तर पुढच्या मोठ्या सरीबरोबर सबंध सांठा तळ्यांत जातो. तो उचलण्यासाठीं माणसाला हौदांत उतरावें लागूं नये, अशीच बांधणी पहिल्यापासून हवी: हौद उघडा, उतार फावड्याला सोयीचा, झांकण असल्यास दोघांना उचलेल असें. २०१३ च्या कायद्यानें गटारांत व शौचकुपांत संरक्षक साधनांवांचून माणूस उतरविणें निषिद्ध ठरविलें आहे. बंद हौदांतील कुजलेल्या गाळाची विषारी हवाही तेथल्याइतकीच प्राणघातक असूं शकते. उचललेला गाळ टाकावयाचा कोठें, हेंही ठरवून ठेवावें. महाराष्ट्रांत २०१७ पासून धरणांतील गाळ शेतांत नेण्याची योजना चालली, आणि ती योग्यच होय, कारण तो शेतांतूनच वाहून गेलेला असतो. रस्त्यावरचा गाळ त्या जातीचा नव्हे. त्यांतील जस्त व तांबें किती आहे हें प्रयोगशाळेंत तपासल्यावांचून तो मेथी-पालकाच्या वाफ्यांत पडूं देऊं नये.

नगरपालिकांची नालेसफाई बहुधा वैशाखांत, पावसाच्या तोंडावर होते. गाळणी असलेल्या नाल्याला ती एक सफाई पुरत नाहीं. पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावर, आर्द्रा नक्षत्र चालू असतांनाच, जाळी व वाळूचा हौद पुन्हां उपसावा. वर्षाचा बहुतेक माल तोंवर येऊन पडलेला असतो. तिसरी फेरी गणेशविसर्जनानंतर, निर्माल्य नाल्यांत उतरलें असेल त्याची.