भिंती नसलेले सभागृह

संगीताचे ठिकाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. पायऱ्या, तिकीटखिडकी, मखमली पडदा, तिसरी घंटा. वर एक गाणारा, खाली आठशे ऐकणारे. एखाद्या शहराला असे सभागृह मिळाले की त्याची सांस्कृतिक भूक भागली, असे आपण धरून चालतो. वर्धा शहराला लागून असलेल्या सेवाग्रामात मात्र यांपैकी काहीही नसलेले एक ठिकाण आहे आणि तिथे ऐंशीहून अधिक वर्षे गाणे चालू आहे. आश्रमाच्या आवारातली ती उघडी जमीन म्हणजे प्रार्थनाभूमी. तिच्याकडे आपण स्मारक म्हणून पाहतो. ती गाण्याची जागा म्हणून कशी चालली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

गांधीजी १९३५मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. तिथून ते ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात आले. जमीन जमनालाल बजाजांची होती आणि मीराबेन आधीच तिथे जाऊन राहिल्या होत्या. सुरुवातीला ‘आदि निवास’ ही एकच वास्तू उभी राहिली. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागल्यामुळे १९४०मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. पुढे कुट्या वाढल्या, पण प्रार्थनेसाठी सभामंडप बांधला गेला नाही. पहाटे आणि संध्याकाळी माणसे आकाशाखाली जमिनीवरच बसत.

हा साधेपणाचा भाग होताच, पण त्यामागे या गावाची आणि या काळाची दुसरीही एक बाजू आहे. विदर्भातले भजन देवळात वाढले आणि देवळाला उंबरठा असतो. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी १९२८मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले, ही त्या काळी खळबळजनक घटना ठरली. म्हणजे त्याआधी टाळमृदंगाचा आवाज बाहेर येत होता, पण ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना आत जाता येत नव्हते. शेगावात दलित वस्ती मोठी होती. अशा गावात उघड्या मैदानावर गाणे म्हणजे दाराचा प्रश्नच काढून टाकणे होते. भिंत नाही, म्हणून दार नाही. दार नाही, म्हणून ते अडवणाराही नाही.

आता तिथे जे गायले जाई, ते कुठून आले ते पाहू. त्याची मुळे शास्त्रीय संगीतातच आहेत. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि दरबारातले गाणे मध्यमवर्गाच्या वर्गखोलीत आणले. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात दाखल झाले. ‘आश्रम भजनावली’चे संपादन त्यांनी केले. १९३०च्या दांडीयात्रेत ते चालले आणि १९३८मध्ये हरिपुरा काँग्रेसच्या वेळी त्यांचे निधन झाले. सेवाग्रामच्या प्रार्थनेचा पाया या परंपरेने घातला. गुरूंनी राग वर्गात आणला आणि शिष्याने तो न शिकलेल्या माणसाच्या गळ्यापर्यंत पोहोचवला.

गांधीजींना यात रस का होता? ते संगीताचे जाणकार नव्हते. पण १९२०च्या दौऱ्यांत त्यांना बेशिस्त गर्दी आणि कानठळ्या बसवणाऱ्या घोषणा यांचा त्रास झाला होता. तेव्हा ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिले की, आपल्याकडे संगीत मूठभरांचे राहिले आहे, लोकांना एकत्र आणि सुरात गायला शिकवले पाहिजे. गर्दीचा समाज व्हायचा असेल तर तिला आधी एका तालात यावे लागेल, असा त्याचा रोख होता. १९३७मध्ये वर्ध्यालाच झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम उभी राहिली. तिच्या अभ्यासक्रमात सूतकताईबरोबर संगीतही आले, ते याच विचाराने.

एकत्र गाण्याला स्वतःचे तंत्र लागते. रामधुनीची रचना पाहा. ओळ लहान, स्वरांचा पल्ला बेताचा, त्यामुळे बाईचा, पुरुषाचा, मुलाचा आवाज त्यात मावतो. एकजण ओळ म्हणतो, बाकीचे तीच उचलतात. म्हणजे पाठ नसणाराही दुसऱ्या फेरीला सामील होतो. ठेका टाळ्यांचा. पहाटेच्या अंधारात वही उघडून गाता येत नाही, म्हणून रोज तेच ते म्हणत राहणे हा कंटाळा नसून शिकवण्याची रीत ठरते. मधे काही क्षण मौन असते. गाणाऱ्यांना एकमेकांचा श्वास ऐकू येतो, तो तिथेच. संध्याकाळी हजेरी होई आणि प्रत्येकजण आपण दिवसभरात किती सूत कातले ते सांगे. सभागृहात रसिक तिकीट दाखवून आत येतो. इथे माणूस आपले दिवसाचे काम सांगून बसे.

कार्यक्रमपत्रिकाही एका दिवशी छापलेली नव्हती, ती माणसांबरोबर वाढत गेली. निचिदात्सु फुजी यांच्या पंथातले जपानी भिक्षू आश्रमात राहिले आणि त्यांचा मंत्र प्रार्थनेत आला. जपान युद्धात उतरल्यावर पोलिसांनी भिक्षूला नेले, पण मंत्र राहिला. भजने तन्मयतेने गाणाऱ्या रेहाना तय्यबजींमुळे कुराणातल्या आयती आल्या. आगाखान पॅलेसमधल्या बंदिवासात डॉ. गिल्डर यांच्यामुळे पारशी प्रार्थना जोडली गेली. प्रत्येक तुकड्यामागे एक माणूस आहे. कोणी तरी येऊन बसला, म्हणून त्याचा सूर आत आला. १९४७मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभेत कुराणाच्या पठणाला आक्षेप घेतला गेला, तेव्हा गांधीजींनी तेवढाच भाग गाळायला नकार दिला. प्रार्थना होईल तर पूर्ण, नाही तर होणार नाही, ही त्यांची भूमिका होती. गाण्याच्या जागेचा नियम किती महाग पडू शकतो, हे त्या दिवसांत दिसले.

या मैदानाचा विदर्भातल्या खेड्यांशी धागा जुळला तो तुकडोजी महाराजांमुळे. १९३६मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सुमारे महिनाभर सेवाग्रामात राहिले. आदल्याच वर्षी त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला होता. त्यांचे वाद्य खंजिरी. एका हातात मावणारे, विकत घ्यायला स्वस्त, वाजवायला गुरूच्या घरी बारा वर्षे घालवावी न लागणारे. खंजिरी भजनी मंडळे आणि सामुदायिक प्रार्थना गावोगाव पोहोचल्या. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला आणि चंद्रपूरकडच्या चिमूरला उठाव झाले. त्याच महिन्यात सरकारने तुकडोजींना अटक केली. एकत्र गाणारी माणसे एकत्र उभीही राहू शकतात, हे सरकारला आपल्या समीक्षकांच्या आधी कळले होते.

तरीही या जागेची मर्यादा सांगितली पाहिजे. दार नसले तरी काय गायचे, हे आश्रम ठरवत होता. त्या प्रार्थनेत स्वतःचे दुःख आणि स्वतःचा राग मांडायला ज्यांना वाव मिळाला नाही, त्यांनी आपले मंच उभे केले. नागपूरच्या १९५६च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांतून भीमगीतांचे गायन बहरले. वामनदादा कर्डकांसारखे कवी-गायक घराघरांत पोहोचले. त्या मंचालाही बहुधा भिंती नव्हत्या. एक चौक, एक पेटी, एक ढोलकी पुरत असे. दोन्ही परंपरांचे विचार वेगळे, पण गाणे लोकांच्या तोंडी असले पाहिजे, ही जाण एकच.

आजचे सेवाग्राम खेडे राहिलेले नाही. १९६९मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय, कस्तुरबा रुग्णालय, वसतिगृहे, खानावळी आणि एकेकाळी वर्धा पूर्व म्हणून ओळखले जाणारे सेवाग्राम रेल्वे स्थानक यांनी ते शहराचे उपनगर झाले आहे. रोजची प्रार्थना आजही होते. सहलीच्या बसमधून उतरलेला प्रवासी, रुग्णाचा नातेवाईक, वसतिगृहातला विद्यार्थी, कोणीही तिथे जाऊन बसू शकतो.

कुट्या जपता येतात. कूड बदलता येतो, कौले बदलता येतात, फलक लावता येतो. गाण्याची जागा अशी जपता येत नाही. ती जपायला तोंडपाठ असलेली माणसे लागतात आणि ती रोज यावी लागतात. सभागृह एक दिवस रिकामे राहिले तर भाडे बुडते. प्रार्थनाभूमी रिकामी राहिली तर उरते ती फक्त जमीन. आपल्या उपनगरांसाठी सभागृहांचे आराखडे काढताना खुर्च्या किती, वातानुकूलन कोणते, याची चर्चा होते आणि ती व्हावीही. पण या गावातल्या लोकांना एकत्र बसून गाता येईल असे काय येते आणि ते कुठे गायचे, ही नोंदही त्याच कागदावर असायला हवी.