शुगर लिहायचीच

सकाळी ७.००
गोंदिया. विमा एजंट स्कूटीत शंभराचं पेट्रोल भरतात. पिशवीत फॉर्म, कॅल्क्युलेटर, दोन पेनं. पगार नाही. पॉलिसी निघाली तरच कमिशन. मी मागे बसतो.

८.३०
आमगाव. अंगणात धान वाळतंय. निवृत्त गुरुजी ७२ वर्षांचे, शुगर आणि बीपी. बाई ६६ च्या, बीपी आणि गुडघे. एजंट आधी औषधांच्या चिठ्ठ्या मागतात. बाई पिशवी उलटी करतात. एकेक गोळी, सुरू झाल्याचं साल, सगळं वहीत उतरतं.

९.१५
"शुगर नाही लिहिली तर हप्ता कमी पडंल ना?" गुरुजी विचारतात.
एजंट पेन खाली ठेवतात. "काकाजी, भरती होताना डॉक्टर पहिलं हेच विचारतात, शुगर कधीपासून. ते केसपेपरवर येते. मग क्लेम अडते."

१०.००
दोन योजना शेजारी ठेवल्या. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. एप्रिल २०२४ पूर्वी ती मर्यादा ४८ होती. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. स्वस्त योजनेत वीस टक्के को-पे. कॅल्क्युलेटर पुढे सरकतो: लाखाच्या बिलात वीस हजार घरचे. बाई तो कागद बाजूला सारतात.

११.३०
सेवा केंद्र. गुरुजींचं आयुष्मान वय वंदना कार्ड. सत्तरी ओलांडली की उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. आधार, ओटीपी, फोटो. शुगर कुणी विचारत नाही, थांबणंही नाही. पण यादीतलाच दवाखाना, आणि भरती झाल्यावरच. महिन्याच्या गोळ्या आपल्याच पैशाने. या कामात एजंटांना एक रुपया मिळत नाही.

दुपारी २.००
डबा. झेरॉक्स २८ रुपये, चहा २०.

४.००
बाईंच्या सत्तरीला चार वर्षं आहेत. रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. तरी हव्या त्या दवाखान्यात जाता यावं म्हणून त्यांच्या एकटीच्या नावाने फॉर्म भरला. बीपी लिहिला. गुडघेही लिहिले. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून मगच सही.

सायंकाळी ६.३०
परतीचा रस्ता. खर्च १४८. कमाई अजून शून्य. कंपनी नाहीही म्हणू शकते. निघताना बाईंना सांगून आलेत: "पॉलिसी हातात आली की फोन करा. तीस दिवसांत परत करता येते. मी येतो, बसून वाचू."
वहीत पुढच्या महिन्यात पुन्हा आमगाव लिहिलंय. पेट्रोल, शंभर.