कृष्णपदार्थाचा गाभा : टोकदार की सपाट?

विश्वातील एकूण पदार्थापैकी सुमारे पाच-षष्ठांश पदार्थ प्रकाश देत नाही आणि अडवतही नाही. या कृष्णपदार्थाचे अस्तित्व केवळ गुरुत्वाकर्षणावरून जाणवते. प्रत्येक दीर्घिका त्याच्या विशाल गोळ्यात, म्हणजेच प्रभामंडलात, वसलेली असते असे मानले जाते. या अदृश्य गोळ्याची अंतर्रचना शोधण्याचा मार्ग महासंगणकातून जातो आणि त्या मार्गावरील एक प्रमुख केंद्र म्हणजे इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ.

पद्धत तत्त्वतः सोपी आहे. बाल्यावस्थेतील विश्वात घनतेचे जे अत्यल्प चढउतार होते, ते कोट्यवधी आभासी कणांच्या मांडणीतून संगणकाला पुरवायचे आणि पुढचे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवायचे. दाट जागी कण गोळा होतात. लहान गोळे मिळून मोठे बनतात.

हुलिओ नवारो, डरहॅमचे कार्लोस फ्रेंक आणि सायमन व्हाइट यांनी १९९६ व १९९७ मधील शोधनिबंधांत दाखवले की, गोळा लहान असो वा मोठा, त्याच्या घनतेचा आलेख एकाच साच्यातला असतो. केंद्राजवळ अंतर निम्मे केले की घनता सुमारे दुप्पट होते. बाहेरच्या भागात अंतर दुप्पट केले की ती जवळपास एक-अष्टमांशावर येते. लहान गोळे सर्वसाधारणपणे आधी, विश्व अधिक दाट असताना घडतात; म्हणून त्यांचा गाभाही अधिक दाट असतो. २००८ च्या 'अक्वेरियस' प्रकल्पात आकाशगंगेएवढ्या एकाच प्रभामंडलात सुमारे ३ लाख उपमंडले आढळली. २०२० साली 'नेचर'मधील संशोधनाने हाच साचा पृथ्वीएवढ्या वस्तुमानाच्या गोळ्यांपासून दीर्घिकासमूहांपर्यंत टिकतो, असे दाखवले.

अडचण येते ती प्रत्यक्ष आकाशात. अनेक खुज्या दीर्घिकांमधील वायूचा भ्रमणवेग मोजला असता केंद्राशी घनता टोकाला चढण्याऐवजी सपाट राहते, असे दिसते. याचे एक स्पष्टीकरण ताऱ्यांच्या स्फोटांत आहे : स्फोट वायूला वेगाने बाहेर फेकतात, केंद्रातील गुरुत्वाकर्षण सैल होते आणि कृष्णपदार्थही बाहेर सरकतो. दुसऱ्या मतानुसार त्याचे कण एकमेकांवर आदळत असावेत.

हा वाद केवळ आलेखाच्या आकाराचा नाही. पहिले स्पष्टीकरण पुरेसे ठरले, तर कृष्णपदार्थाविषयीचे प्रचलित चित्र शाबूत राहील. दुसरे ठरले, तर त्या कणाचा स्वभावच नव्याने मांडावा लागेल. यॉर्कशायरच्या बोल्बी खाणीत ११०० मीटर खोलवरही या कणाचा शोध घेतला गेला. परंतु जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत त्याची निर्विवाद खूण अद्याप सापडलेली नाही. तोवर त्याच्या स्वभावाची साक्ष या खुज्या दीर्घिकांच्या गाभ्यांकडूनच काढावी लागणार आहे.