मोकळे दोन हात

पहाटे पाचला थर्मासमध्ये गरम पाणी भरलं, झाकण फिरवलं आणि लगेच सगळं पाणी परत पातेल्यात ओतलं. फिरकीचं झाकण उघडायला दोन हात लागतात. मनू कडेवर असली की माझ्याकडे एकच उरतो. मग फडताळाच्या मागच्या बाजूला पडलेला, खटका दाबला की तोंड उघडणारा जुना थर्मास काढला, घासला आणि त्यात पाणी भरलं. आठ महिन्यांच्या बाळाची पिशवी भरताना मी हीच एक कसोटी लावते: ही वस्तू एका हाताने निघेल का, उघडेल का, परत ठेवता येईल का? जी निघणार नाही ती घरीच राहते.

आम्ही निघालो होतो गुहागरला. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. कोकणातल्या कितीतरी घराण्यांचं आहे. बाळ देवाच्या पायावर घालून आणायचं हे बारशालाच ठरलं होतं, पण पावसाळा गेला, दिवाळी गेली आणि शेवटी जानेवारीत योग आला. सासू-सासरे महिनाभर आधीच गावच्या घरी गेले होते. नवऱ्याची रजा ऐन वेळी दोन दिवस पुढे ढकलली गेली. म्हणून त्याने आम्हाला ठाण्याला मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसवून द्यायचं आणि चिपळूणला सासऱ्यांनी उतरवून घ्यायचं, असं ठरलं. मधले चार-साडेचार तास मी आणि मनू, दोघीच.

गाडी दिवसाची घेतली ती जाणूनबुजून. रात्रीच्या गाडीत बाळ झोपतं हे खरं, पण आई झोपत नाही. खालचा बाक जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. बाळाला आतल्या बाजूला घ्यावं तर खिडकीचा गारठा लागतो, बाहेरच्या बाजूला घ्यावं तर पडायची भीती. 2022च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बाकाला जोडलेला, दुमडता येणारा बाळासाठीचा छोटा बाक बसवून पाहिला होता. ती बातमी वाचली तेव्हा मला दिवस गेलेले नव्हते, तरी मी ती कापून ठेवली होती. आज कळतं, ज्या कोणाला ते सुचलं त्याने रात्रभर कुशीवर जागून काढलेली आई जवळून पाहिलेली असणार. दिवसाच्या गाडीत निदान उजेड असतो, आजूबाजूला जागी माणसं असतात. आणि मांडवीत खायला चांगलं मिळतं, ही तिची ख्याती आहेच.

तिकीट माझं एकटीचं. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, तशी स्वतंत्र जागाही मिळत नाही. त्यामुळे मनूची जागा म्हणजे माझी मांडी, आणि माझी मांडी म्हणजे तिचं अंथरूण, पाट, पाळणा, खेळायची जागा, सगळंच.

पनवेलपर्यंत ठीक चाललं. पनवेलला समोरच्या बाकावर एक मावशी येऊन बसल्या. नऊवारी, हातात हिरव्या बांगड्या, पायाशी कापडाने तोंड बांधलेली पाटी. खेडला उतरणार होत्या. मनूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि भोंगा लावला. सात-आठ महिन्यांपासून मुलांना ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा यांतला फरक फार कळू लागतो. महिन्यापूर्वी ती कोणाच्याही कडेवर हसत जायची, आता शेजारच्या काकूंनाही पाहून रडते. यात बाळाचं काही बिघडलेलं नसतं. तिला आई कोण हे नेमकं समजलेलं असतं, एवढंच. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण मावशींना ते सांगायची गरज नव्हती. त्यांनी मनूकडे बघायचंच सोडून दिलं. खिडकीबाहेर पाहत राहिल्या. फक्त उजवा हात गुडघ्यावर ठेवून अधूनमधून मनगट हलवत होत्या. बांगड्या वाजत. थांबत. पुन्हा वाजत.

ही विद्या मी पुस्तकात वाचलेली नव्हती. मनूचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग हुंदकेही थांबले. तिची नजर त्या मनगटावर खिळली. पाच मिनिटांनी तिने हात पुढे केला. मावशींनी तरीही वळून पाहिलं नाही. त्यांनी हात जरासा अलीकडे सरकवला. मनूने एक बांगडी धरली, ओढली, चाखायला तोंड पुढे नेलं, आणि त्या निमित्ताने अर्धी माझ्या मांडीवर, अर्धी त्यांच्या गुडघ्यावर अशी आली. तेव्हा कुठे त्या तिच्याकडे वळल्या, आणि तेही चेहऱ्यावर काही विशेष न आणता, रोजची ओळख असल्यासारख्या.

माझ्या पिशवीत सहा वाजता बांधून घेतलेली पोळी-भाजीची गुंडाळी तशीच होती. घरून निघताना चहासुद्धा अर्धा टाकलेला.

‘‘जेव गो तू आधी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोर काय पळून जात नाय.’’

मी खाल्लं. मग त्यांना विचारून बाथरूमला जाऊन आले. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान फार लागते आणि पाणी पुष्कळ प्यावं लागतं, पण बाळासोबत एकटीने प्रवास करताना बायका पाणीच पीत नाहीत, कारण बाळाला कुठे ठेवून उठायचं? त्या डुलत्या, ओल्या, कडी नीट न लागणाऱ्या जागेत बाळाला घेऊन जाता येत नाही. याविषयी कोणी बोलत नाही. मला ते इथे लिहावंसं वाटतं, कारण मनूच्या खाण्याची, दुधाची, कपड्यांची चौकशी सगळ्यांनी केली होती, ही चौकशी कोणीही केली नव्हती.

माणगावच्या पुढे मनूची झोपेची वेळ झाली. सासूबाईंनी दिलेली जुनी सुती साडी मी पिशवीत तळाशी ठेवली होती. नवी साडी झोळीला चालत नाही. ती निसरडी असते, गाठ सरकते. अनेकदा धुतलेलं सूत गाठीला घट्ट धरून ठेवतं. वरच्या बाकावर कॉलेजचा एक मुलगा कानात गाणी लावून पडला होता. मावशींनी त्याच्या पायाला हात लावून त्याला उठवलं आणि साडीचं एक टोक हातात दिलं. एक टोक इकडच्या वरच्या बाकाच्या लोखंडी दांड्याला, दुसरं समोरच्या. दोन्हीकडे दोन-दोन गाठी, आणि उरलेला पदर पुन्हा गुंडाळून तिसरी. झोळी दोन बाकांच्या मधोमध आली, येण्याजाण्याच्या वाटेच्या आत, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर. उंच बांधायची नाही. चुकून काही झालंच तर पडणं थोडक्यावर यायला हवं. मग मनूला घालायच्या आधी मावशींनी माझी कपड्यांची जड पिशवी उचलून झोळीत ठेवली आणि दोन्ही हातांनी वरून दाबली. गाठी करकरल्या, थोड्या बसल्या, आणि थांबल्या. त्यांनी पिशवी काढली, तळाशी दुपटं अंथरलं आणि मान हलवली.

मनूला आडवं केलं तशी गाडीनेच झोका द्यायला सुरुवात केली. घरी मी अर्धा तास पाळणा हलवते. इथे पाच मिनिटांत तिची मूठ सैल झाली. मी मात्र नजर काढली नाही. झोळीत कापड तोंडावर येऊ शकतं, हनुवटी छातीला टेकू शकते, म्हणून झोळीतलं बाळ कायम दिसत राहायला हवं. रुळांच्या प्रत्येक वळणाला झोळी एका बाजूला झुके, आणि वरचा मुलगा, त्याला कोणी सांगितलेलं नसताना, हात खाली घालून तिला सावरे.

ही गाडी रायगडाच्या मुलखातून जाते. हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. गडावर दूध घालायला गेलेली बाई, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, आणि घरी एकटं असलेलं तान्हं बाळ म्हणून रात्रीच्या अंधारात उतरलेला कडा. एसटीने बसस्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी खोल्या केल्या तेव्हा त्यांना हिरकणी कक्ष असं नाव दिलं. मला हे नाव फार आवडतं. अशा एका खोलीत मी मनूला पहिल्यांदा घराबाहेर पाजलं होतं. एक बाक, एक पंखा, एक कडी लागणारं दार. बाहेर गाड्यांची घोषणा चालू होती आणि आत आम्ही दोघी वीस मिनिटं निवांत होतो. एवढंच लागतं.

रेल्वेच्या डब्यात तशी खोली नसते. तिथे खिडकीकडे तोंड, वाटेकडे पाठ आणि अंगावर ओढणी हाच कक्ष. पुढून बटणं असलेला कुर्ता घालायचा. ओढणी मनूला आवडत नाही, ती ओढून काढते. म्हणून मी तिच्या मुठीत माझं बोट देते. बोट धरलं की ओढणीकडे लक्ष जात नाही. मावशींनी त्या वेळी त्यांची शाल दोन्ही हातांनी पसरून वाटेच्या बाजूला धरली आणि तशीच धरून बसल्या, मनूचं पोट भरेपर्यंत.

खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा लागतो, चार किलोमीटरांहून लांब. धडधडाट एकदम डब्यात शिरला आणि मनू झोळीत दचकून जागी झाली. मी तिला उचलून छातीशी धरलं. डब्यातले दिवे लागलेले होते, पण खिडकी काळी झालेली. ती रडायच्या बेतात होती. मी तिच्या कानाशी ‘कुक’ म्हटलं. ‘कुक’ आणि ‘भो’ हा आमचा घरातला खेळ, तोंडावर पदर घ्यायचा आणि काढायचा. दिसेनासं झालेलं माणूस असतंच, ते परत येतं, हे मुलांना याच वयात उमजायला लागतं. मनूने काळ्या खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बोगदा संपेपर्यंत मी बोललेच नाही. मग एकदम ऊन, भाताची कापलेली खाचरं, झाडं, एक म्हैस. मी म्हटलं, ‘‘भो!’’ ती इतकी खदखदून हसली, की पलीकडच्या बाकावरचे आजोबा पेपर खाली करून बघायला लागले. पुढच्या लहान बोगद्यात शिरताच ती आपणहून माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहू लागली.

खेडला मावशी उतरल्या. पाटी डोक्यावर घेण्याआधी मनूच्या कपाळावरची पुसट झालेली तीट त्यांनी अंगठ्याने नीट केली. नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर मनूचं जेवण. भाजलेल्या पोह्यांची आणि मूगडाळीची पूड मी घरून नेली होती. पोहे आधीच शिजलेले असतात आणि डाळ मी शिजवून, वाळवून दळलेली, म्हणून गरम पाणी घालून दहा मिनिटं झाकलं की मऊ खिमट होतं. मीठ नाही, साखर नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलेलं. वाटीवर झाकण, मनगटावर एक थेंब टाकून बघायचं, आणि चमचा अर्धाच भरायचा, कारण गाडी हलते. सोबत केळी होती. प्रवासाला केळ्यासारखं दुसरं फळ नाही. स्वतःच्या सालीत येतं, धुवावं लागत नाही, आणि बोटांनी कुस्करलं की झालं.

खराब झालेले डायपर घट्ट तोंड बांधलेल्या वेगळ्या पिशवीत, चिपळूणच्या कचरापेटीपर्यंत. बाकावर आधी मेणकापड, त्यावर दुपटं. दुपटं मुद्दाम न धुतलेलं नेलं होतं. नव्या जागी बाळ घरच्या वासाला धरून झोपतं, हे आईने सांगितलेलं आणि त्या रात्री गुहागरला खरं ठरलेलं.

चिपळूणला बाबा, म्हणजे सासरे, फलाटावर उभे होते. त्यांनी आधी नातीला घेतलं नाही, माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली. मला ते फार बरं वाटलं. एसटीत कंडक्टरने आम्हाला पुढच्या बाजूला बसवलं, तिथे धक्के कमी लागतात. माझं तिकीट अर्धं. 17 मार्च 2023पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं पडतं, आणि बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या, लेकरं घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या बायकांना त्याचा किती आधार आहे, हे कोकणातल्या गाडीत बसल्यावर दिसतं. वळणाच्या रस्त्यावर मनूला पाजायचं नाही, हे मला माहीत होतं, तरी ती रडली म्हणून पाजलं, आणि तिने ते सगळं बाबांच्या शर्टावर काढलं. कंडक्टरने घंटी मारली, गाडी थांबली, मागून कोणीतरी पाण्याची बाटली पुढे पाठवली. कोणीही कपाळाला आठी घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याडेश्वराच्या गाभाऱ्यासमोर मनूला पायावर घातलं. ती गार दगडावर पालथी पडली आणि समोरच्या समईकडे बघत राहिली. संध्याकाळी देवळामागच्या समुद्रावर नेलं. ओल्या वाळूला तळवे लागले तशी तिने दोन्ही पाय पोटाशी घेतले. पुन्हा टेकवले, पुन्हा घेतले. तिसऱ्यांदा तिने पाय तसेच ठेवले, आणि बोटं वाळूत रुतवली. बाबा तिच्या दोन्ही बगलांत हात घालून वाकून उभे होते. मी दोन पावलं मागे, रिकाम्या हातांनी, हे सगळं नीट पाहत होते.

पुढच्या वेळी गाडीत तुमच्यासमोर कोणी बाळ घेऊन एकटी बसली असेल, तर ‘किती महिन्यांचं?’ हे नंतर विचारा. आधी तिला विचारा, ‘‘तुम्ही जेवलात का? जाऊन येता का? मी बसते याच्याजवळ.’’