जंगल परत मिळालं, राखायचं कुणी?

रुमानियात १९४८ मध्ये जंगलं सरकारजमा झाली. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट कोसळल्यावर ती जुन्या मालकांना टप्प्याटप्प्यानं परत मिळू लागली. १९९१च्या कायद्यानं १ हेक्टरपर्यंत, २०००च्या कायद्यानं व्यक्तीला १० हेक्टरपर्यंत. २००५ मध्ये ही मर्यादाही उठली. मालकी आली, पण देखरेख मागे पडली. लहान तुकड्यांसाठी वनरक्षक ठेवणं परवडेना. हक्क पुन्हा जाईल या धास्तीनं अनेकांनी झाडं तोडून पैसा केला.

पोलंडनं वेगळी वाट धरली. तिथली सुमारे चार पंचमांश जंगलं आजही सार्वजनिक आहेत. सरकारी वनसंस्था मुख्यतः लाकूडविक्रीतून आपला खर्च भागवते. बाजारव्यवस्थेकडे जाताना जंगल वाटावंच लागतं असं नाही. वाटायचं तर तोडीचा आराखडा आणि तपासणी आधी उभी हवी.